नाव एक, घरे दोन

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. ईदनंतरच्या आठवड्यात तिथे टेनिस चेंडूवरच्या क्रिकेटचे सामने भरतात. आखातात नोकरीला असलेली मुले तेवढ्यासाठी सुट्टी राखून ठेवतात. मुंबई-मुंब्र्याहून गाड्या भरून माणसे येतात. उन्हाळ्यात मोकळ्या पडलेल्या भातखाचरांत खेळपट्टी तयार होते, झाडाला लाऊडस्पीकर बांधला जातो आणि चार दिवस गाव दुसरे काही करीत नाही.

दोन वर्षांपूर्वी सामन्यांच्या कमिटीने ठरवले की, विजेत्या संघाची फिरती ढाल आमच्या मरहूम आजोबांच्या नावाने द्यावी. आमचा पुतण्या कमिटीत आहे. तो म्हणाला, "काका, तुम्ही लिहिणारे माणूस. चार ओळी लिहून द्या. 'मोहमेडन संघाचे नामवंत खेळाडू, दुसऱ्या महायुद्धातले शहीद' असं काहीतरी. ढालीवर कोरायचं आहे."

आम्ही हो म्हटले. आनंदही झाला. पण त्या चार ओळी आमच्याकडून लिहून झाल्या नाहीत. का झाल्या नाहीत, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. आजोबांचे नाव या लेखात कुठेही येणार नाही. वाचकांनी त्याचा राग मानू नये. नाव का दिले नाही, तेच तर सांगायचे आहे.

०

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तीन वस्तू आहेत. पहिली वस्तू म्हणजे एक फोटो. पांढरे कपडे घातलेले बारा-तेरा तरुण, दोघे जमिनीवर बसलेले, एकाच्या पायाला पॅड. चेहरे पुसट झालेले. त्यातला डावीकडून तिसरा तो आजोबा, असे आम्हाला लहानपणी बोट ठेवून दाखवले होते. दुसरी वस्तू म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्राचे एक अरुंद कात्रण. एका सामन्याचा धावफलक, वरचा मथळा आणि तारीख कापताना गेलेली. त्यात एका नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे. नाव आजोबांचे आहे, पण नुसते नाव. ना बापाचे, ना आडनाव. तिसरी वस्तू म्हणजे इंग्रजीत टंकलिखित केलेले एक पत्र. अमुक खलाशी शत्रूच्या कारवाईत बोट बुडून बेपत्ता झाला असून तो मयत समजण्यात येत आहे, असा त्याचा आशय. पत्र घडीवर फाटले आहे. घडीच्या रेघेवर जे होते ते सगळे गेले, आणि नेमके बोटीचे नाव आणि तारीख तिथेच होती.

या तीन वस्तूंची मिळून घरात एक गोष्ट झाली होती. आजोबा मुंबईत मोठे क्रिकेट खेळत. मोहमेडन संघात होते. पोटासाठी बोटीवर गेले आणि लढाईत बोट बुडाली. ही गोष्ट आम्ही शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, मुलांच्या लग्नाच्या बोलणीतही सांगितली. ऐकणाऱ्याने दर वेळी मान डोलावली. ही गोष्ट एका माणसाची की तीन माणसांची, हे कुणी विचारले नाही. आम्हीही स्वतःला विचारले नाही. पण तोंडाने सांगणे वेगळे आणि धातूवर कोरणे वेगळे. कोरायची वेळ आली तेव्हा प्रथमच भीती वाटली.

०

आधी क्रिकेटचे पाहिले. मुंबईतल्या त्या जुन्या सामन्यांविषयी आपल्या वडीलधाऱ्यांकडून बहुतेकांनी ऐकले असेल. युरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्या सामन्यांत १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'रेस्ट' नावाचा पाचवा संघ आला, म्हणून ती पंचरंगी. १९४५-४६ च्या मोसमानंतर ती कायमची थांबली. खेळाचे संघ धर्मावरून पाडावेत का, यावर तेव्हाही कडाक्याचा वाद झाला होता आणि गांधीजींनी त्या प्रथेविरुद्ध मत दिले होते. तो वाद आज मिटलेला आहे आणि मिटला ते बरेच झाले. पण १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंवर एका विकेटने विजय मिळवला, त्याची कहाणी आमच्या लहानपणी गावातले म्हातारे कालची असल्यासारखी सांगत.

या स्पर्धेच्या धावसंख्या छापील स्वरूपात टिकून आहेत. कोण खेळला, किती धावा काढल्या, कुणी बाद केले, सगळे आहे. त्या याद्या आम्ही पाहिल्या. आजोबा त्यांत नाहीत.

म्हणजे गोष्ट खोटी का? तसेही म्हणता येत नाही. त्या काळी मैदानावर खेळणाऱ्या कुठल्याही मुसलमान पोरांच्या संघाला लोक सहज 'मोहमेडन' म्हणत. गोदीतल्या कामगारांचे, मोहल्ल्यांचे, गावकीच्या खोल्यांचे संघ होते. आजोबा त्यातल्या एखाद्या संघातून खेळले असतील. पण मग 'नामवंत' हा शब्द गळून पडतो. उरतो तो रविवारी दुपारी मैदानावर खेळणारा, सोमवारी बोटीवर कामाला जाणारा एक कोकणी तरुण. खरे तर हा तरुण आम्हाला जास्त जवळचा वाटला.

इथे एका इंग्रज खेळाडूची आठवण आली. हेडली व्हेरिटी, इंग्लंडचा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९३२ साली लीड्सला त्याने एका डावात दहा धावा देऊन दहाच्या दहा बळी घेतले. डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावर झाला, त्यात तो खेळला. पुढे लढाईत तो लष्करी अधिकारी झाला, जुलै १९४३ मध्ये सिसिलीत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि ३१ जुलैला इटलीत कासेर्टा इथे वारला. वय ३८. त्याची कबर तिथे आहे, तिच्यावर त्याचे नाव आहे. आपण त्याचे वंशज आहोत की नाही हे एखाद्याला पाहायचे असेल, तर कागद एका टेबलावर मावणार नाहीत. आणि इकडे, त्याच लढाईत मेलेला, कदाचित त्याच शहरात चेंडू खेळलेला आमचा माणूस. त्याचे काय आहे? पेन्सिलीची एक रेघ.

या फरकाचा अर्थ नीट लावला पाहिजे. नोंदीतला फरक म्हणजे माणसामाणसांतला फरक नव्हे. एकाच्या आयुष्याची टिपणे कुणीतरी ठेवली, दुसऱ्याच्या आयुष्याची ठेवावीत असे कुणाला वाटले नाही, एवढाच तो फरक.

०

मग खलाशांची नोंद पाहिली. आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी घरे विलायती कंपन्यांच्या बोटींवर जगली. सारंग, टंडेल, सुकाणी, आगवाला, कोळसेवाला, भंडारी हे शब्द आमच्या गावात आडनावांइतके सरावाचे होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांपैकी सुमारे चौथा हिस्सा हिंदी खलाशांचा होता. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या एका लहान हिश्शाएवढा. १९३९ च्या अखेरीस पगारवाढीसाठी त्यांनी संप केले, काहींना तुरुंगही घडला.

आमचे आजोबा आगवाले होते. भट्टीत कोळसा ओढणारे. हे काम जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. पाणबुडीचा टॉर्पेडो लागतो तो तिथेच. डेकवरचा माणूस उडी तरी मारू शकतो. खालच्याला बऱ्याचदा शिडीपर्यंतही पोचता येत नाही.

या खलाशांचे स्मारक मुंबईत आहे, मस्जिद बंदरच्या बाजूला, इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे तिथे स्मरण केलेले आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावे मात्र दगडावर नाहीत. ती एका वहीत आहेत. नौदलातले सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांहून अधिक. त्या वहीच्या दोन प्रती केल्या. एक मुंबईला ठेवली, दुसरी चट्टग्रामला. लढाईच्या वेळी तो एकच देश होता. आज या वहीची दोन पाने दोन देशांत उघडतात आणि नावे तीच निघतात. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचे मोठे स्मारक आहे, पण आपल्या खलाशांची नावे तिथल्या भिंतींवर नाहीत. एकाच बोटीवर, एकाच रात्री, एकाच पाण्यात बुडालेल्या माणसांची नावे अशी दोन खंडांत विभागली गेली.

आता ही नावे संगणकावरही शोधता येतात. आम्ही शोधली. आजोबांचे नाव सापडले आणि क्षणभर डोळे भरून आले. मग खाली पाहिले. तेच नाव पुन्हा होते. मग आणखी एकदा. मोहल्ल्यात हाक मारली तर चौघे वळून पाहतील असले ते नाव. त्यातल्या दोन नोंदी आमच्या मुलखातल्या वाटत होत्या. बापाचे नाव दोन्हीकडे एक, बोटी वेगळ्या, साले वेगळी.

दोन माणसे. आणि आमच्या पेटीत पत्र एक.

०

गावात खालच्या मोहल्ल्यात एक घर आहे. त्यांचे आजोबाही बोटीवरून परत आले नाहीत, एवढे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होते. त्यांचे नाव काय, हे विचारायचे कधी सुचले नव्हते. ते आमच्याच आजोबांचे नाव होते, हे आम्हाला वयाच्या साठीत कळले.

त्या घरातल्या चाची आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या बेपत्ता खलाशाच्या सूनबाई. आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो आणि विचारले, "चाची, तुमच्या सासऱ्यांचं बोटीचं काही कागदपत्र आहे का?"

"कागद कुठला, बाबा? कागद तुमच्या घरात आला."

त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. पावसाचे सांगावे तसे सांगितले.

"म्हणजे?"

"त्या नावाचे दोघे जण बोटीवर होते. बापाचं नाव पण एकच. टपालवाला पत्र घेऊन आला, तेव्हा विचारायला लागला कुणाचं. तुमच्या घरात मास्तर होते, त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांनी वाचलं आणि ठेवलं."

"मग तुमच्या सासूबाईंनी काही म्हटलं नाही?"

"सासू म्हणायची, दोघींतल्या एकीचं तरी पोट भरलं."

आम्ही क्रिकेटचे विचारले. चाची हसल्या. "खेळायचे ते आमचे सासरे. एकदा पांढरी पँट घालून गावात आले, तर सगळं गाव हसलं म्हणे. तुमचे आजोबा आणि ते मुंबईत एकाच खोलीत राहायचे ना? ट्रंक पण एकच होती दोघांत."

ती ट्रंक म्हणजे आमची पत्र्याची पेटी. गावकीच्या खोलीतून ती गावी आली, तेव्हा पत्राच्या मागोमाग आमच्याच घरी आली.

घरी परतताना आम्ही रस्त्यात थांबलो. खाडीवर भरती होती. आमच्या घराण्याची गोष्ट आता अशी उरली होती: फोटो कदाचित त्यांचा, कात्रण कदाचित त्यांचे, पत्र कुणाचे ते अल्लाह जाणे. निखालस आमचे असे एकच होते. आमच्या दादीला नवरा होता, तो बोटीवर गेला आणि आला नाही.

०

त्या पत्राने काय काय केले ते सांगितले पाहिजे. पत्र आले म्हणून दादी चार महिने दहा दिवस इद्दतीला बसली. मयत सिद्ध झाले म्हणून तिला खलाशाच्या वारसाचे निवृत्तिवेतन मिळू लागले. रक्कम थोडी, पण त्यावर आमचे वडील शिकले. वडील शिकले म्हणून आम्ही शिकलो. हा लेख लिहिणारा हातही त्याच पत्रावर पोसलेला आहे.

खालच्या घरातली बाई मात्र विधवा झालीच नाही. नवरा मयत आहे असे सांगणारे काही नव्हते. त्यामुळे इद्दत नाही, पेन्शन नाही, वारसाची वाटणी नाही. शरीअतीत बेपत्ता माणसाचा हिस्सा राखून ठेवतात. तो राखलेला हिस्सा दिरांनी कसला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल तर बायकोला निकाह रद्द करून मागता येतो, असा कायदा १९३९ सालीच झाला होता. पण तो गावापर्यंत कोण घेऊन येणार? आणि आला असता तरी तिने मागितले असते का? तिने दुसऱ्यांची भातलावणी केली, चटया विणल्या, मुलगा वाढवला. लग्नाच्या आमंत्रणात तिचे नाव शेवटपर्यंत सुवासिनीसारखे घेतले जाई.

यात आमच्या घरातल्या कुणी लबाडी केली असे आम्हाला वाटत नाही. मास्तरांनी आपल्या माणसाचे नाव वाचले आणि विश्वास ठेवला. रडणाऱ्या बाईसमोर कुणी पुरावा मागत नाही. पण लबाडी नसली तरी हक्काचा प्रश्न उरतोच. एका नावावर दोन घरांचा हक्क होता, आणि ज्या घरात इंग्रजी वाचता येत होते त्या घराला ते नाव मिळाले. आता आम्ही तेच नाव आणखी एकदा, 'नामवंत खेळाडू' आणि 'शहीद' अशा पदव्या लावून ढालीवर कोरणार होतो. पहिल्यांदा पेन्शन, दुसऱ्यांदा कीर्ती. त्या घराकडे राहिलेली एकुलती एक गोष्ट, पांढऱ्या पँटची, तीही आम्ही घेणार होतो.

आपल्या दीनमध्ये नसबीचा, म्हणजे वंशाचा, विषय हलका नाही. जाणूनबुजून दुसऱ्याला बाप म्हणणे हे मोठ्या गुन्ह्यांत मोजले आहे. आम्ही तसे काही केले नव्हते. आमचा बाप आमचाच होता. पण दुसऱ्याच्या आजोबाची धाव, दुसऱ्याच्या आजोबाचे मरण आपल्या आजोबाच्या नावावर मांडणे, हे त्याच वाटेवरचे पाऊल नाही का? बनी इस्राईल या सूरहमध्ये ताकीद आहे की, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये. लहानपणी मक्तबमध्ये याचा अर्थ 'चुगली करू नये' असा शिकवला होता. त्यात घराण्याचा अभिमानही येतो, हे उशिरा कळले.

०

पुतण्याला आम्ही सगळे सांगितले. तो गप्प बसणाऱ्यांतला नाही. म्हणाला, "काका, कागद नाही म्हणून गोष्ट सोडायची, हा न्याय कसला? कागद ठेवणारे दुसरेच होते. त्यांनी आपल्या माणसांचे कागद ठेवलेच नाहीत. आता त्यांच्या हलगर्जीपणाची शिक्षा आपण आपल्याच माणसांना द्यायची?"

हे बोलणे खोडता येण्यासारखे नाही. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या आयोगाने २०२१ साली स्वतःच अहवाल काढून कबूल केले की, पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदी, आफ्रिकी आणि इतर वसाहतींतल्या माणसांपैकी निदान ४५ हजारांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही, आणि एक लाख सोळा हजार किंवा त्याहून जास्त माणसांची नावेच कुठे लिहिली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही. आयोगाने माफीही मागितली. म्हणजे ज्यांच्याकडे पुरावा असायला हवा होता, त्यांनीच तो ठेवला नाही. अशा वेळी "पुरावा दाखवा" असे गरिबाच्या नातवाला म्हणणे हा दुसरा अन्याय आहे.

मग कोंडी कशी सोडवायची? पुराव्याशिवाय बोलावे तर दुसऱ्याचा हक्क जातो. पुराव्यावाचून गप्प बसावे तर आपल्या सगळ्यांचाच इतिहास जातो.

आम्हाला वाट सापडली ती आपल्याच परंपरेत. हदीस जमवणाऱ्या विद्वानांपुढे हीच अडचण होती. ऐकीव गोष्टींचा ढीग होता. त्यांनी सगळे खरे मानले नाही आणि सगळे फेकूनही दिले नाही. कुणी कुणाकडून ऐकले, तो माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, दोघांची भेट होणे शक्य होते का, हे तपासले. मग प्रत्येक रिवायतीवर तिचा दर्जा लिहिला. ही सहीह, ही हसन, ही जईफ, आणि ही मौजू, म्हणजे रचलेली. जईफ म्हणजे दुबळी रिवायत. ती ग्रंथातून काढून टाकली नाही, पण तिच्या कपाळावर तिचा दुबळेपणा लिहून ठेवला. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आपल्या मजहबचे थोर आलिम इमाम नववी यांचे मत असे की, सत्कर्माची ओढ लावण्यासाठी दुबळी रिवायत सांगायला हरकत नाही. पण हलाल-हराम आणि हक्क-हुकूम यांचा निवाडा तिच्यावर करता येत नाही.

घरातल्या गोष्टीला हा निकष लावला. क्रिकेटची गोष्ट आम्हाला वडिलांनी सांगितली. वडील तर आजोबा गेले तेव्हा तीन वर्षांचे होते. त्यांनी ती आपल्या मामूंकडून ऐकली. मामू खलाशी होते आणि सगळ्या गोष्टी रंगवून सांगत. दादीने आम्हाला आजोबांविषयी पुष्कळ सांगितले. त्यांना सुक्या बांगड्याची चटणी आवडे, झोपेत ते बडबडत, रागावले की अंगणात जाऊन बसत. क्रिकेटचा शब्द तिने कधी काढला नाही. म्हणजे सर्वांत जवळचा साक्षीदार गप्प आणि लांबचा साक्षीदार बोलका. रिवायत जईफ.

जईफ आहे म्हणून ती मरत नाही. ईदच्या दिवशी नातवंडांना सांगायला ती पुरते. त्यामुळे एखादा मुलगा बॅट हातात घेत असेल तर घेऊ दे. पण तिच्यावर हक्क सांगता येत नाही, पदवी लावता येत नाही, धातूवर ती कोरता येत नाही. जिव्हाळ्याला दुबळी रिवायत चालते, दाव्याला चालत नाही. या सगळ्या शोधातून आमच्या हाती लागलेली गोष्ट ती हीच.

०

आणखी एक सांगावेसे वाटते. पुतण्याला 'महायुद्धातले शहीद' हे शब्द हवे होते, त्यामागचे कारण आम्हाला ठाऊक आहे आणि वाचकांनाही ठाऊक आहे. उठता-बसता आपल्याला निष्ठेचा दाखला मागितला जातो. मग आपणही पेट्या उघडतो आणि मेलेल्या माणसांना साक्षीला उभे करतो: पाहा, आमच्याही घरातला माणूस कामी आला.

पण ते ज्या लढाईत गेले ती कुणाची होती? बोट परक्याची, माल परक्याचा, सरकार परक्याचे. ते पगारासाठी गेले. घरी पैसे पाठवायचे होते म्हणून गेले. यात कमीपणा काय आहे? बायकामुलांच्या रोजीसाठी भट्टीपुढे उभे राहून मेलेल्या माणसाला आणखी कुठल्या पदवीची गरज आहे? आणि शहीदच म्हणायचे तर, पाण्यात बुडून मेलेला शहिदांत मोजला जातो, असे आपल्याकडे हदीसच्या आधाराने सांगतात. तो दर्जा त्यांना ज्याच्याकडून मिळायचा त्याच्याकडून मिळाला असेल. आपल्या सोयीसाठी तो ढालीवर लिहून आपण त्यांच्या मरणाचा दाखला करू नये. मेलेला माणूस आपली जमानत द्यायला मेलेला नसतो.

०

शेवटी ढालीवर एकच ओळ कोरली. 'समुद्रावरून घरी न परतलेल्या आपल्या गावच्या खलाशांच्या स्मरणार्थ.' कुणाचेच नाव नाही. कमिटीतल्या काहींना ते फिके वाटले. पुतण्याला अजूनही थोडे वाटते. पण त्याने एक काम केले. मोहल्ल्यामोहल्ल्यांत फिरून विचारले आणि बोटीवरून परत न आलेल्यांची यादी केली. आम्हाला वाटले होते तीन-चार नावे निघतील. अकरा निघाली. प्रत्येक नावापुढे त्याने बापाचे नाव लिहिले आणि आमच्या सांगण्यावरून बायकोचेही लिहिले. कारण दोन माणसांचे नाव आणि बापाचे नाव एक असू शकते, पण त्यांची वाट पाहणारी बाई एक नसते. ही यादी जमातीच्या कार्यालयात लावली आहे. तिच्यात आमच्या आजोबांचे नाव दोनदा आल्यासारखे दिसते. ते दोनदा आलेले नाही. ती दोन माणसे आहेत.

फोटो आणि कात्रण आम्ही चाचींच्या घरी नेऊन दिले. त्यांनी कात्रण ठेवून घेतले. फोटो परत केला. "याच्यात दोघे पण असतील," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात भिंत मोठी आहे, तिथंच लावा." पत्राचे काय करायचे ते आम्हाला सुचले नाही. ते पेटीतच आहे. पेन्शनचा हिशेब आता होण्यासारखा नाही. पण त्यांच्या पणतीची इंजिनिअरिंगची फी भरायची वेळ आली, तेव्हा आमच्या घरातल्या कुणी उपकाराची भाषा केली नाही. ती फी म्हणजे मदत नव्हती, हे दोन्ही घरांना कळत होते.

गेल्या वर्षी सामने झाले. बक्षीस चाचींच्या हस्ते दिले. लाऊडस्पीकरवर बोलणारा पोरगा उत्साही होता. त्याला आम्ही काय काय सांगितले होते ते तो विसरला आणि जुनीच गोष्ट सुरू केली: मोहमेडन संघ, मुंबईचे मैदान, पांढरे कपडे. आम्ही उठून त्याला थांबवणार होतो. तेवढ्यात त्याची नजर चाचींकडे गेली, मग आमच्याकडे आली. तो अडखळला आणि पुढे म्हणाला, "असं सांगतात. कुणाचं ते नक्की माहीत नाही. दोघांपैकी एकाचं."

आम्ही पुन्हा खाली बसलो. रिवायत दर्जासकट सांगितली गेली होती.